नानांनी लावलेली लग्नं

मेक्सिको देशात 1810 साली मिगेल हिदाल्गो नावाच्या पाद्र्यानं चर्चची घंटा वाजवून गावकरी गोळा केले आणि स्पेनच्या राजवटीविरुद्ध लढा पुकारला. आमच्या सातारा-सांगलीत उलटं झालं. इथं लढ्याचा पुढारी भटजी नव्हता. पण पुढारी झालेल्या माणसानं भटजीचं काम हातात घेतलं. ते म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील.

3 ऑगस्ट 1900 चा त्यांचा जन्म. गाव येडेमच्छिंद्र. तेव्हा वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. नाना तलाठी होते. 1930 च्या कायदेभंगात त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं. अंगानं पैलवान, मनानं वारकरी आणि भाषा आपल्या रानातली. सभेत बोलायला उभे राहिले की बायामाणसंसुद्धा हातातलं काम टाकून ऐकत.

त्या काळी कुणब्याचं घर बुडायचं ते दुष्काळानं, नाहीतर लग्नानं. मांडव, वाजंत्री, मानपान, जेवणावळी आणि दक्षिणा. पैसा सावकाराचा, गहाण जमीन आपली. या दुखण्यावर जोतीराव फुल्यांनी 1873 सालीच औषध दिलं होतं. त्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. सत्यशोधक समाजानं भटजीशिवाय लग्नं लावून दाखवली. तीच वाट नानांनी पुढं नेली, तिला लोक गांधी लग्न म्हणायला लागले. खादीचे कपडे, एकमेकांच्या गळ्यात हार आणि चार शब्द उपदेशाचे. संपलं लग्न. सावकाराच्या दारात जायची गरजच नाही.

मग 1942 आलं. तासगावच्या मोर्चानं कचेरीवर झेंडा लावला. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतचे मिळून नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळ्या चालल्या. मोर्चे थांबले आणि माणसं भूमिगत झाली. 1943 मध्ये प्रतिसरकार उभं राहिलं. कुंडलला तुफान सेना तयार झाली. गावोगाव न्यायनिवाडे होऊ लागले. बांधाचं भांडण, सावकाराचा जुलूम, टाकलेल्या बाईची दाद, सगळं तिथंच मिटायचं. गुंडाच्या तळपायावर काठ्या पडायच्या, म्हणून लोकांनी नाव पाडलं पत्री सरकार. असल्या धामधुमीतसुद्धा गांधी लग्नं थांबली नाहीत. जी. डी. बापू लाडांचं लग्नही कुंडलला याच पद्धतीनं झालं.

इतिहास सांगताना लोक बंदुका आणि लुटलेली रेल्वे सांगतात. ते खरंच आहे. पण हे राज्य 1946 पर्यंत टिकलं कशावर? मला वाटतं, त्याची तालीम या मांडवात झाली होती. भटजीशिवाय लग्न लागतं आणि संसार सुखाचा होतो, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्याला कलेक्टरशिवाय गाव चालतं हे पटायला वेळ लागला नाही. मधला माणूस काढला तरी आभाळ कोसळत नाही, हे आधी घरात कळलं, मग राज्यात.

नाना पुढं खासदार झाले, 6 डिसेंबर 1976 ला गेले. आज त्यांचे पुतळे आहेत, जयंतीला हार पडतात. आणि त्याच गावांत उसाच्या बिलावर उचल घेऊन लाखांची लग्नं होतात. डीजे, घोडा, ड्रोनचा कॅमेरा. सावकार गेला, पतसंस्था आली. सातबाऱ्यावरचा बोजा तसाच राहिला. नानांना एक हार कमी घातला तरी चालेल. तेवढा पोरीच्या लग्नात, त्यांनी सांगितल्यासारखा घातला तर घर वाचंल.