संगणकीय घड्याळांचा कालमेळ

नेटवर्कने जोडलेल्या संगणकांची घड्याळे एका प्रमाणवेळेशी जुळवून ठेवण्याची पद्धत. संगणकातले घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते आणि तापमान बदलले की त्याची गती किंचित ढळते. दहा लाखांत 20 भाग एवढी चूकही दिवसाला सुमारे पावणेदोन सेकंदांची होते.

ती दुरुस्त करण्यासाठी अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड मिल्स यांनी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल (एनटीपी) रचला. त्याचा पहिला मसुदा 1985 मध्ये प्रसिद्ध झाला. यात प्रमाणवेळ देणाऱ्या सर्व्हरची वेळ जशीच्या तशी उचलत नाहीत, कारण उत्तर पोहोचेपर्यंत ती शिळी झालेली असते. समजा, यंत्राने आपल्या घड्याळानुसार 0 सेकंदाला विचारणा केली. सर्व्हरला ती त्याच्या घड्याळानुसार 2.1 सेकंदाला मिळाली, उत्तर लगेच निघाले आणि यंत्राकडे 0.2 सेकंदाला पोहोचले. जाण्यायेण्याला 0.2 सेकंद लागले, म्हणजे यंत्र 2 सेकंद मागे आहे. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो, हे येथे गृहीत धरलेले असते. तसे नसेल, तर दोहोंतील फरकाच्या निम्मी चूक उरते. फरक थोडा असेल तर घड्याळ हळूहळू जुळवतात, एकदम मागे ओढत नाहीत; नाहीतर नोंदींचा क्रम उलटा होईल.

भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते. ती पूर्व रेखांश 82.5 अंशांची असल्याने नंदुरबारचा सूर्य तिच्यामागे सुमारे 33 मिनिटे असतो.

नंदुरबार जिल्ह्याला हा विषय जवळचा आहे. देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी येथील टेंभली गावात दिले गेले. बोटाच्या ठशाने होणाऱ्या आधार पडताळणीच्या प्रत्येक विनंतीत ठसा घेतल्याची वेळ असते. ती मर्यादेपेक्षा जुनी असेल तर 561, सर्व्हरच्या वेळेपेक्षा फार पुढची असेल तर 562 हा त्रुटीक्रमांक येतो. ठसा न जुळल्याचा क्रमांक 300 आहे. रेशन दुकानात ‘अंगठा लागत नाही’ म्हणून माणसाला परत पाठवण्याआधी हा भेद पाहिलाच पाहिजे. 562 मध्ये दोष बोटाचा नसतो. धडगाव, अक्कलकुव्याकडच्या ज्या पाड्यांवर रेंज मिळत नाही, तेथे ठसा घेणाऱ्या यंत्राला वेळ जुळवून घ्यायची संधीच कमी मिळते. असे यंत्र रेंजमध्ये आणून तारीख-वेळ आपोआप जुळू द्यावी, मग अंगठा नव्याने घेऊन विनंती पुन्हा पाठवावी.