पासपोर्ट सरकारचा, प्रवास नागरिकाचा : इमिग्रेशन काउंटरमागचा इतिहास

सामान सोपवून, बोर्डिंग पास घेऊन परदेशी निघालेला प्रवासी विमानतळावर एका काउंटरपुढे उभा राहतो. पलीकडचा अधिकारी पासपोर्टची पाने चाळतो, समोरच्या पडद्यावर नजर टाकतो, शिक्का मारतो. सारे मिनिटाभरात आटोपते. पण देश सोडून बाहेर जाणारा नागरिक तिथे परवानगी मागत असतो की स्वतःचा हक्क बजावत असतो, हा प्रश्न स्वतंत्र भारतात तब्बल वीस वर्षे अनिर्णित होता. त्याचे उत्तर दोन माणसांकडून परत मागितलेल्या पासपोर्टांमुळे मिळाले. हा थ्रेड त्या उत्तराविषयी आहे.

सुरुवात मात्र पासपोर्ट नसलेल्या जगापासून करावी लागते.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला जाणाऱ्या बोटीत बसल्या. तत्पूर्वी, फेब्रुवारीत, श्रीरामपूरच्या महाविद्यालयात भाषण करून आपण एकटीने परदेशी का जात आहोत याचा खुलासा त्यांनी केला होता. जाब विचारला होता तो समाजाने : समुद्र ओलांडून धर्म राहील का, जात राहील का? त्या काळी ब्रिटन किंवा अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरण्यासाठी पासपोर्ट सक्तीचा नव्हता. पासपोर्ट म्हणजे प्रवासाला उपयोगी पडणारे एक शिफारसपत्र, एवढीच त्याची प्रतिष्ठा होती.

हे मोकळेपण सर्वांसाठी सारखे नव्हते, हेही खरे. १९०८ साली कॅनडाने एक नियम केला : येणाऱ्याने आपल्या मायदेशातून, वाटेत न थांबता, सलग प्रवास करून आले पाहिजे. नियमात हिंदुस्थानचे नाव कुठेही नव्हते. पण हिंदुस्थानातून कॅनडाला थेट जाणारी बोटसेवाच उपलब्ध नव्हती, त्यामुळे कोणाला रोखायचे आहे हे सांगण्याची गरजही नव्हती. २३ मे १९१४ रोजी कोमागाता मारू ही बोट ३७६ प्रवाशांसह व्हँकूव्हरला पोहोचली. प्रवासी ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, बंदर त्याच साम्राज्यातले. तरीही दोन महिने बोट बंदरात अडवून ठेवली गेली आणि मोजके लोक वगळता बाकी सर्वांना परत पाठवण्यात आले. कलकत्त्याजवळ बजबज येथे उतरताना त्यांच्यावर गोळीबार झाला, माणसे मेली. हिंदुस्थानातली पासपोर्टव्यवस्था कॅनडाकडे जाणाऱ्या भारतीयांना आवरण्याच्या खटपटीतून आकाराला आली, असे इतिहासकार राधिका मोंगिया यांनी मांडले आहे. पासपोर्टची कथा युद्ध आणि हेरगिरीपासून सुरू करण्याचा जो प्रघात आहे, त्याला हे चांगलेच उत्तर आहे.

युद्धाने त्यावर कळस चढवला. १९१७ साली हिंदुस्थान संरक्षण कायद्याखाली पासपोर्टचे नियम आले. ऑक्टोबर १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे परिषद भरली. पासपोर्टच्या पुस्तिकेला ३२ पाने असावीत इथपर्यंतचे तपशील तिथे ठरले. गंमत अशी की ही व्यवस्था तात्पुरती असून युद्धपूर्व मोकळीक पुन्हा यावी, अशी अपेक्षाही त्याच परिषदेत व्यक्त झाली होती. पुस्तिका राहिली, अपेक्षा विरली.

त्याच वर्षी हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला, आणि पुढच्या साऱ्या प्रकरणाची किल्ली त्याच्या नावात आहे : पासपोर्ट (भारतात प्रवेश) अधिनियम, १९२०. प्रवेश! देशात येणाऱ्याकडे पासपोर्ट हवा, असे तो सांगत होता. देशाबाहेर जाणाऱ्याविषयी त्यात काही नव्हते.

८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले, तेव्हाही स्थिती हीच होती. विमानप्रवासाचे नियम तोवर जगभर जुळत आले होते. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या कराराच्या १३व्या अनुच्छेदाने प्रवाशांनी प्रत्येक देशाचे प्रवेश, निर्गमन, पासपोर्ट, जकात आणि संसर्गप्रतिबंधाचे नियम पाळावेत, असे बंधन घातले. आजच्या विमानतळावरच्या रांगांचे मूळ याच एका अनुच्छेदात सापडते. पण नियम पाळायचे, तर आधी देशाने ते करायला हवेत. भारतातून बाहेर जाण्याबद्दल संसदेचा कायदाच नव्हता.

मग बाहेर पडण्यावर नियंत्रण कसे होते? अगदी साध्या रीतीने. पासपोर्ट देणे न देणे सरकारच्या मर्जीवर होते, आणि पासपोर्टविना कोणतीही बोट किंवा विमान कंपनी प्रवाशाला घेत नसे. पहारेकऱ्याचे काम तिकीट तपासणाऱ्याकडे गेले होते. ही मर्जी कोणावर होई आणि कोणावर होत नसे, यालाही वर्गाचा वास होता. १९५०च्या दशकात ब्रिटनला मजुरीसाठी जाऊ पाहणाऱ्या, फारसे न शिकलेल्या अर्जदारांना पासपोर्ट मिळणे दुरापास्त होते. असे लोक परदेशात देशाची प्रतिमा मलिन करतील, ही धास्ती नव्या प्रजासत्ताकाच्या अधिकाऱ्यांना होती.

१९६६ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सतवंत सिंग साहनी या व्यावसायिकाला पासपोर्ट परत करण्याची पत्रे आली. मोटारींचे सुटे भाग आणि अभियांत्रिकी मालाचा त्यांचा व्यापार, त्यामुळे परदेशवारी नेहमीची. आयात परवान्याच्या अटी मोडल्याच्या संशयावरून त्यांची चौकशी चालू होती आणि ते देशाबाहेर निसटतील, अशी सरकारला शंका होती. शंका खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न निराळा होता : पासपोर्ट काढून घेण्याचा अधिकार सरकारला कोणत्या कायद्याने दिला?

उच्च न्यायालयांत यावर आधीच दोन तट पडले होते. मुंबई, केरळ आणि म्हैसूर येथील न्यायालयांचा कौल नागरिकाच्या बाजूने, दिल्लीचा सरकारच्या बाजूने. एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला. सरन्यायाधीश के. सुब्बा राव, न्या. शेलत आणि न्या. वैद्यलिंगम यांच्या मते परदेशप्रवास हा संविधानाच्या २१व्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीवाचून तो हिरावून घेता येत नाही. असा कायदाच नसल्याने सरकारची कृती टिकू शकत नव्हती. न्या. हिदायतुल्ला आणि न्या. बछावत यांनी असहमती नोंदवली. पासपोर्ट हा राज्यसंस्थेने परकी राष्ट्रांना उद्देशून दिलेला राजकीय दस्तऐवज आहे, तो मागण्याचा हक्क नागरिकाला कसा असेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो निकालात हरला. पण त्याचा एक धागा पुढे टिकून राहिला, तो शेवटी दिसेल.

सरकार अक्षरशः उघडे पडले होते. मे महिन्यात वटहुकूम निघाला आणि जून १९६७ मध्ये संसदेने पासपोर्ट अधिनियम संमत केला. आज प्रवाशाच्या हातातली पुस्तिका याच कायद्याखाली निघते. नकार देण्याची कारणे सहाव्या कलमात, जप्तीची दहाव्यात, अपील अकराव्यात. जप्ती करताना कारणे लेखी नोंदवावीत आणि मागितल्यास त्यांची प्रत द्यावी, हेही त्यात आले. मात्र त्याला एक फट होती. देशाची सुरक्षा, परराष्ट्रसंबंध किंवा ‘सर्वसामान्य जनतेचे हित’ यांसाठी कारणे देण्यास नकार देता येत होता.

दहा वर्षांनी या फटीतून एक पत्र आले.

४ जुलै १९७७ रोजी मनेका गांधी यांना कळवण्यात आले की, सार्वजनिक हितासाठी त्यांचा पासपोर्ट जप्त करण्याचे ठरले असून सात दिवसांत तो जमा करावा. त्यांनी कारणे विचारली. उत्तर आले की जनहितास्तव कारणे देता येत नाहीत. (नंतर न्यायालयात सांगितले गेले की, चौकशी आयोगापुढे त्यांची उपस्थिती लागण्याची शक्यता होती.) आणीबाणीत नागरिकांचे स्वातंत्र्य गुंडाळून ठेवणाऱ्या घराण्याची सून आता त्याच स्वातंत्र्याची दाद मागत होती, आणि आणीबाणीविरुद्ध लढून सत्तेवर आलेले सरकार कारणे सांगायला तयार नव्हते. इतिहास असे पात्रवाटप क्वचितच करतो.

न्यायपीठाकडे पाहिले तर हा विरोधाभास आणखी गडद होतो. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, स्थानबद्धाला न्यायालयात दाद मागता येणार नाही असे म्हणणाऱ्या बहुमतातील तीन न्यायमूर्ती, बेग, यशवंतराव चंद्रचूड आणि भगवती, या सात जणांच्या पीठावर होते. २५ जानेवारी १९७८ रोजी भगवतींनी लिहिलेले निकालपत्र आज प्रत्येक कायद्याच्या विद्यार्थ्याला वाचावे लागते. केवळ कायद्यात पद्धत लिहिलेली आहे एवढ्याने भागत नाही. ती पद्धत न्याय्य, रास्त आणि वाजवी असली पाहिजे, आणि पासपोर्ट जप्त करताना माणसाचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. पुढे कैद्यांच्या वागणुकीपासून उपजीविकेपर्यंत कितीतरी हक्क या पायावर उभे राहिले. पण मनेका गांधींना त्या दिवशी पासपोर्ट परत मिळाला नाही. त्यांचे म्हणणे ऐकून घेऊ, असे आश्वासन सरकारने दिले होते, म्हणून न्यायालयाने औपचारिक आदेश न काढता पासपोर्ट आपल्याच ताब्यात ठेवला.

काउंटरवरच्या पडद्याकडे परत यायचे, तर अधिकाऱ्याला त्यावर दिसणारी एक गोष्ट १९६७च्या कायद्यात नाही : लुकआउट सर्क्युलर. विशिष्ट व्यक्तीला सीमेवर रोखावे अशी ही सूचना. तिचे मूळ गृह मंत्रालयाच्या १९७९च्या पत्रात आहे. प्रवाशाला तिचा पत्ता बहुधा बोर्डिंग पास हाती आल्यावर, काउंटरपुढेच लागतो. ११ जानेवारी २०१५ रोजी ग्रीनपीसच्या कार्यकर्त्या प्रिया पिल्लै यांना दिल्ली विमानतळावर लंडनच्या विमानात चढू दिले गेले नाही. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते सर्क्युलर रद्द केले. २०१८ पासून सरकारी बँकांच्या प्रमुखांनाही कर्जदारांविरुद्ध अशी विनंती करण्याचा अधिकार मिळाला होता. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पोलिसांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केले होते की, तपासात ते पासपोर्ट ताब्यात घेऊ शकतात, पण तो दाबून ठेवण्याचा निर्णय केवळ पासपोर्ट अधिकाऱ्याचा.

मजुरांविषयीची जुनी धास्ती मात्र सहजी गेलेली नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर आखाती व काही आशियाई देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी मंजुरी आवश्यक असल्याची नोंद असते. १९८३च्या कायद्याची ही तरतूद फसवणुकीपासून संरक्षणासाठी आहे, आणि फसवणूक खरोखरच होत असते. तरी जानेवारी २०१८ मध्ये अशा पासपोर्टांना नारिंगी वेष्टन देण्याची घोषणा झाली, तेव्हा शिक्षणावरून नागरिकांचे दोन रंग पाडले जात असल्याची टीका झाली आणि महिना संपण्यापूर्वी ती मागे घ्यावी लागली.

आता तो उरलेला धागा. १९६७च्या कायद्याच्या १७व्या कलमानुसार पासपोर्ट सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असतो. प्रवासाचा हक्क नागरिकाचा ठरला. पुस्तिका मात्र आजही सरकारचीच आहे.