पांढरा रंग ‘दोष’ कसा ठरला? जर्मन शेफर्डची गोष्ट

आजचा विषय वरवर लहान वाटेल: कुत्र्याच्या केसांचा रंग. पण एखादा रंग ‘दोष’ कोण ठरवतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे आपल्याला यातून नीट दिसतं.

एप्रिल १८९९. घोडदळात अधिकारी राहिलेले माक्स फॉन श्टेफानित्स जर्मन शेफर्डची संस्था स्थापन करतात. वंशावळीच्या नोंदवहीत पहिलं नाव लागतं होरांड या कुत्र्याचं. आता गंमत बघा. या मूळपुरुषाच्या आईचा बाप, ग्राइफ, पांढराशुभ्र होता! म्हणजे पांढरा रंग बाहेरून आलेला नाही, तो घरातलाच. त्यात मेंढपाळांना वावगंही काही नव्हतं. अंधारात पांढरा कुत्रा आणि लांडगा यांची गल्लत होत नाही. श्टेफानित्स यांचाही भर रंगापेक्षा कामावर होता.

पण १९३३ साली जर्मनीत पांढरा रंग अपात्र ठरला. पुढे १९६८ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनेही या कुत्र्यांना प्रदर्शनातून बाद केलं. आरोप काय? तर म्हणे पांढऱ्यामुळे इतरांचे रंग फिके होतात, पिल्लं बहिरी निपजतात. अशी कित्येक पिल्लं जन्मतःच मारली गेली.

आता आपण हा आरोप तपासू. बहिरेपणाशी जोडला जातो तो पांढरा वेगळा. तिथे रंग तयार करणाऱ्या पेशीच कातडीत, कधी कानाच्या आतही, पोचत नाहीत. डाल्मेशियनमध्ये हे आढळतं. शेफर्डमध्ये त्या पेशी शाबूत असतात. एका जनुकातल्या बदलामुळे केसांत काळं रंगद्रव्य उतरत नाही, आणि उरलेलं पिवळसर इतकं फिकं होतं की केस पांढरे दिसतात. नाक काळं, डोळे गडद. म्हणून हा अल्बिनोही नव्हे.

शिवाय हा गुण अप्रभावी आहे. आई आणि बाप, दोघांकडून आला तरच दिसतो. एकाकडूनच आला तर दडून राहतो. समजा, शंभरात एक पिल्लू पांढरं निघतं. साध्या गणिताने मग सुमारे १८ रंगीत कुत्री तोच गुण अंगात घेऊन फिरत असतात. पांढरं पिल्लू मारून त्यांचं काय होणार? क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९५७ मध्ये कुत्र्यांच्या रंगांच्या आनुवंशिकतेवर पुस्तकच लिहिलं. ज्ञान हाताशी होतं, नियम मात्र त्यानंतरही कडक होत गेले.

शेवट कसा झाला? स्वित्झर्लंडमधल्या लोकांनी ही पांढरी कुत्री जपली, आणि २०११ साली ‘स्विस व्हाइट शेफर्ड’ या नावाने तिला स्वतंत्र जात म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता पक्की झाली. ग्राइफचा रंग टिकला. पण त्यासाठी त्याला नातवाचं घर सोडावं लागलं.

तेव्हा ‘शुद्ध जात’ हा शब्द कानावर आला की आपण एवढंच विचारू या: निकष कधी लिहिला, आणि कुणी?