जारिंग : खटकणारे, विजोड, विसंगत

जारिंग हे इंग्रजी विशेषण आहे. जवळजवळ आलेल्या दोन गोष्टींचा मेळ न बसल्याने पाहणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला अस्वस्थ करणारे, असा त्याचा अर्थ. नुसत्या फरकाला हा शब्द लागत नाही. काळ्या फळ्यावरचे पांढरे अक्षर हा टोकाचा विरोध आहे, पण तो कोणाला त्रास देत नाही. उलट त्यामुळेच अक्षर वाचता येते. त्याच फळ्यावर खडू कर्रकन ओढला गेला आणि अंगावर काटा आला, तर तो आवाज जारिंग ठरतो. विरोध आणि त्याने झालेली अस्वस्थता, दोन्ही असल्याशिवाय हे विशेषण वापरू नये.

शब्दाचे मूळ आवाजात आहे. कर्कश आवाज करणे या अर्थाचे ‘जार’ हे इंग्रजी क्रियापद सोळाव्या शतकापासून आढळते, आणि ते बहुधा आवाजाच्या अनुकरणातूनच बनले. पुढे त्याला हादरण्याचा अर्थ आला. बैलगाडीचे चाक दगडावरून उतरताना बसतो तो गचका या अर्थात मोडतो. तिथून शब्द रंग, कपडे, वाक्ये, बातम्या यांच्या न जुळण्यापर्यंत पोहोचला. धाराशिव जिल्ह्यात, आणि एकूणच मराठवाड्यात, जार म्हटले की आधी आठवते ते विकतच्या पाण्याचे भांडे. लग्न असो की दुकान, ‘जारचं पाणी’ मागवले जाते. तो जार वेगळा. भांड्याचा शब्द अरबी ‘जर्रा’वरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. उच्चार एक असला तरी या दोघांचे नाते नाही.

मराठी पर्याय. इंग्रजी–मराठी भाषांतरात सर्वांत जास्त दिसणारा पर्याय म्हणजे ‘विसंगत’. तो चुकीचा नाही, पण थंड आहे. साक्षीदाराचा जबाब विसंगत असतो, हिशेबाच्या दोन वह्या विसंगत असतात. तिथे तर्क दुखावतो, अंगाला काही होत नाही. ‘विजोड’ हा अधिक घरगुती शब्द. त्यात जोड आहे, म्हणजे दोन वस्तू एकत्र आणणारा कोणीतरी आहे. म्हणून लग्नाला, कपड्यांना, घराला केलेल्या वाढीव बांधकामाला तो चपखल बसतो. आवाजासाठी ‘बेसूर’ आणि ‘कर्कश’, चांगल्या कार्यात घडलेल्या नकोशा प्रसंगासाठी ‘गालबोट लागणे’, आणि सगळे सुरळीत चालले असताना अचानक टोचणाऱ्या गोष्टीसाठी ‘घासात खडा लागणे’. बोलण्यात मात्र यांपैकी काहीच येत नाही. तिथे माणूस म्हणतो, ‘कसंतरीच वाटलं’, ‘कसंनुसं झालं’, ‘बरं दिसत नाही’. शहरातली तरुण मुले ‘ऑड वाटतं’ म्हणतात. चित्रपटाचे परीक्षण लिहिणारे थेट ‘जारिंग’ लिहितात. ते लिहिण्याची गरज नाही असे या नोंदीचे मत आहे, कारण याहून नेमके बोलण्याची सोय मराठीने क्रियापदात केलेली आहे.

इंग्रजी विशेषण दोष वस्तूला चिकटवते: ते दृश्य जारिंग आहे. मराठी वाक्य ज्याला त्रास झाला त्याच्यापासून सुरू होते: मला खटकलं. कुठे खटकलं हेही ते सांगून टाकते: डोळ्याला, कानाला, मनाला. शिवाय त्रास किती खोल आणि किती काळ, याप्रमाणे क्रियापद बदलते. ‘खटकणे’ क्षणाचे असते. ‘खट’ हा आवाज त्यातच आहे, आणि खटकलेली गोष्ट सवयीने सुसह्य होऊ शकते. ‘खुपणे’ डोळ्यातल्या कुसळासारखे, पाहत राहिलो तर वाढत जाणारे. मात्र ‘त्याचं चांगलं झालेलं डोळ्यांत खुपतं’ यात मत्सर येतो, म्हणून हे क्रियापद जपून वापरावे लागते. ‘बोचणे’ बहुतेकदा शब्दांचे. ‘सलणे’ आत राहून गेलेल्या काट्याचे. बाहेरून काही दिसत नाही आणि वर्षे जातात तरी थांबत नाही. ‘जारिंग’ या एका विशेषणात या पायऱ्या नाहीत. भाषांतरकाराने मूळ वाक्यात कोण अस्वस्थ झाले आहे ते आधी शोधावे आणि मग या चारांतून निवड करावी.

शास्त्रातही या कल्पनेला जुनी नावे आहेत. भारतीय संगीतशास्त्रात स्वरांचे वादी, संवादी, अनुवादी आणि विवादी असे चार प्रकार केले आहेत. विवादी म्हणजे रागाच्या रूपाला बाधा आणणारा स्वर. तो वर्ज्य मानतात, पण जाणता गायक कधी त्याचा ओझरता स्पर्श देतो आणि राग उलट खुलतो. म्हणजे न जुळणे हे हेतूने वापरता येते हे गवयांना ठाऊक होते. काव्यशास्त्रात ज्यांचा मेळ बसत नाही अशा दोन गोष्टी एकत्र आणण्याला ‘विषम’ अलंकार म्हणतात. अकराव्या शतकातल्या क्षेमेंद्राने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात काव्याचा प्राण औचित्यात पाहिला. कमरपट्टा गळ्यात घातला तर दागिना चांगला असूनही हसू होते, हे त्याच्या विवेचनातले उदाहरण इथे अगदी लागू आहे. विजोडपणात दोन्ही वस्तू स्वतंत्रपणे निर्दोष असू शकतात. आजच्या मराठीत ‘विषम’ गणितात आणि ‘अनुचित’ नीतीत गेल्यामुळे हे दोन्ही शब्द या अर्थासाठी हातचे गेले आहेत.

धाराशिव जिल्ह्यातील उदाहरणे. कानाच्या परीक्षेचे मराठीतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण याच जिल्ह्यातल्या तेरचे आहे. तेर हे संत गोरा कुंभार यांचे गाव. लोक त्यांना गोरोबाकाका म्हणतात आणि त्यांचे समाधिमंदिर तिथेच तेरणेच्या काठी आहे. परंपरेतली कथा अशी: संत जमले असताना मुक्ताबाईंनी कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून हे कशासाठी असते म्हणून विचारले. मडके कच्चे की पक्के ते याने कळते, असे गोरोबा म्हणाले. मग आमचीही परीक्षा करा, असे ठरले. बाकीचे शांत बसले. नामदेवांना थापटणे लागताच ते दुखावले आणि ते मडके कच्चे ठरले. पुढे नामदेव गुरूसाठी विसोबा खेचरांकडे गेले. कुंभाराच्या कामात हा भेद रोजचा आहे. पक्के मडके खणखणते, कच्चे किंवा तडा गेलेले बद्द वाजते. ओलावलेली हलगीही बद्दच वाजते. म्हणून वाजवण्याआधी ती जाळावर तापवतात. ‘बद्द’ हा शब्द कर्कश नाही, उलट मंद आहे, तरीही खणखणीत आवाजाची अपेक्षा असलेल्या कानाला तोच खटकतो. खटकणे आवाजाच्या मोठेपणावर नसून अपेक्षेवर असते, ते असे.

कुठला विरोध खटकत नाही तेही याच जिल्ह्यात पाहता येते. नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर सतराव्या शतकाच्या आरंभी, इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, दगडी बंधारा बांधला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. पाणी आणि कोरडेपणा यांच्यामध्ये फक्त एक भिंत आहे. विरोध इतका टोकाचा असूनही पाहणारा अस्वस्थ होत नाही, थक्क होतो, कारण दोन्ही बाजू एकाच कल्पनेतून आलेल्या आहेत. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचेही तेच. मागचा भाग चैत्यगृहासारखा, विटांचा, अर्धवर्तुळाकार. पुढे नंतरचा मंडप आणि आत विष्णूची मूर्ती. मुळात ही वास्तू बौद्ध चैत्य असावी असे अभ्यासकांनी मानले आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणून नोंदलेल्या या गावात काळाचे इतके थर एकमेकांवर बसले आहेत की मंडप आणि चैत्य यांची जोड विजोड वाटत नाही. अशा ठिकाणी ‘विलक्षण’ किंवा ‘अद्भुत’ म्हणावे.

याच्या उलट टोक 1993 चे. 29 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक रात्री उशिरा झोपले आणि 30 सप्टेंबरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर परिसरात जाड दगडमातीच्या भिंतींची माळवदाची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. मिरवणुकीचा गुलाल आणि ढिगारे यांच्यात काही तासांचे अंतर होते. इंग्रजी लेखक इथे जारिंग लिहू शकेल. मराठीत ‘खटकणारे’ किंवा ‘विजोड’ लिहिले तर ते त्या माणसांचा अपमान करणारे होईल. ती रात्र सलते. पुढे दोन्ही जिल्ह्यांतली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. गल्लीबोळ, ओसरी आणि पार यांच्या जागी सरळ आखलेले रुंद रस्ते आणि एकसारख्या घरांच्या रांगा आल्या. वाड्याची, गल्लीची सवय असलेल्या माणसाला ती आखणी खटकली, असे म्हणणे योग्य आहे. एकाच घटनेच्या दोन टप्प्यांना दोन क्रियापदे लागतात.

गैरवापर. या शब्दासाठी वृत्तपत्री मराठीत ‘विरोधाभास’ सर्रास येतो. तो टाळावा. विरोधाभास हा अलंकार आहे. त्यात विरोधाचा केवळ आभास असतो आणि नीट पाहिल्यावर तो विरून जातो. जो विरोध खरा आहे आणि पाहू तितका पक्का होत जातो, त्याला आभास म्हणण्याने तो सौम्य होतो. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्हा बराचसा पर्जन्यछायेत आहे. 2018 मध्ये नीती आयोगाने देशभरातून निवडलेल्या ‘आकांक्षित’, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांत महाराष्ट्रातले चार होते. नंदुरबार, वाशीम आणि गडचिरोली यांच्याबरोबर त्यात हाही होता. याच जिल्ह्यात ऊस आहे, साखर कारखाने आहेत, आणि पाऊस हुकलेल्या वर्षी गावाच्या टोकाला टँकरपुढे घागरींची रांग असते. ऊस हे बारमाही पाणी पिणारे पीक. रांगेतल्या बाईला रस्त्यापलीकडचा हिरवा फड दिसतो, तेव्हा तिच्यापुढे कोणताही आभास नसतो. ती विसंगती आहे, आणि बातमीत, अहवालात तिला त्याच नावाने लिहावे.