सारख्या पेशी, वेगळी ओळख
किशोरवयीन मुलाच्या छातीच्या भिंतीतील गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तरी पूर्वी निदान अडून बसे. लिम्फोमा असो, न्यूरोब्लास्टोमा असो, दिसत त्या लहान, गोल, निळ्या पेशीच! (निळेपणा अर्थात रंजकद्रव्याचा.) उपचार मात्र निरनिराळे. १९७९ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅस्किन व सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या अशा गाठींचा स्वतंत्र गट मांडला. रुग्णांचे सरासरी वय साडेचौदा वर्षे. ‘अ‍ॅस्किन ट्यूमर’ हे नाव रूढ झाले.

जेम्स युइंग यांनी १९२१ मध्ये वर्णिलेल्या हाडाच्या कर्करोगात ११ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांमधील तुकड्यांची अदलाबदल १९८३ मध्ये आढळली. लवकरच तीच अ‍ॅस्किनच्या गाठींतही सापडली. डोळ्यांनी वेगळे केलेले गुणसूत्रांनी एकत्र आणले, ही गंमत आम्हांला फार मोलाची वाटते. आता गाठीत हीच अदलाबदल शोधतात, आणि उपचारही युइंगच्या कर्करोगाचेच देतात.