आउटलुक एक्स्प्रेस दोन सर्व्हरांची नावे का विचारत असे?

१/ १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्स्प्लोरर ४ बरोबर आउटलुक एक्स्प्रेस हा ईमेल प्रोग्राम दिला. विंडोज ९८ पासून एक्सपीपर्यंत तो संगणकात आयताच मिळे. प्रथम उघडताच तो नाव व ईमेल पत्ता विचारी. मग येणाऱ्या टपालाचा सर्व्हर, जाणाऱ्या टपालाचा सर्व्हर आणि शेवटी पासवर्ड. पत्ता एक, मग सर्व्हर दोन कशासाठी?

२/ कारण पत्र पाठवणे आणि पत्र नेणे यांचे नियम वेगवेगळ्या काळी घडले. पाठवण्याचा नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मांडला. तेव्हाचे टपाल प्रामुख्याने विद्यापीठे व संशोधनसंस्थांच्या सामायिक संगणकांत फिरे. पत्र येईल तेव्हा ते घ्यायला संगणक जागा असेल, हे त्यात गृहीत होते.

३/ घरातला संगणक मात्र रात्री बंद होतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉइस रेनॉल्ड्स यांनी पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे पॉप, मांडला. नावातच त्याची रीत आहे: सर्व्हरने टपाल सांभाळावे, मालकाने सवडीने येऊन न्यावे. १९८८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती, पॉप३, आली. आउटलुक एक्स्प्रेसला हवे असलेले दुसरे नाव बहुधा याच सर्व्हरचे असे.

४/ ही रीत डायल-अपला सोयीची होती. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी सुरू केलेली इंटरनेट सेवाही टेलिफोनच्या तारेवरूनच मिळे. पत्रे आधी लिहून आउटबॉक्समध्ये ठेवावीत, मोडेम जोडावा, देवघेव उरकावी आणि फोन मोकळा करावा. देवघेव संपताच जोडणी आपोआप तोडण्याची सोयही प्रोग्राममध्ये होती.

५/ पत्रे नेताना पासवर्ड लागे. पाठवताना मात्र १९८२ च्या नियमात ओळख पटवण्याची तरतूदच नव्हती. दुसऱ्याच्या नावाने पत्र धाडणे त्यामुळे सोपे होते. ही तरतूद एसएमटीपीच्या प्रमाणित नियमांत मार्च १९९९ मध्ये आली. आउटलुक एक्स्प्रेसमध्ये त्यासाठी वेगळी खूण करावी लागे.

६/ सर्वांत दूरगामी ठरली ती आणखी एक खूण: ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’. ती मुळात बंद असे. पत्र उतरवून घ्यावे आणि सर्व्हरवरून पुसावे, हीच पॉपची रूढ पद्धत.

७/ परिणामी सारा पत्रव्यवहार एकाच हार्ड डिस्कवर उरे. पाचव्या आवृत्तीपासून प्रत्येक कप्प्याची एक डीबीएक्स फाइल बने. एक्सपीमध्ये ती एका अदृश्य फोल्डरात दडलेली असे. डिस्क बिघडली किंवा प्रत न काढता फॉर्मॅट झाली, की वर्षांची पत्रे एका क्षणात जात.

८/ २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर विंडोज मेल आले आणि आउटलुक एक्स्प्रेसचे पर्व संपले. त्या काळातील नोकरीचे अर्ज, परदेशी गेलेल्या मुलांची खुशाली, संस्थांचे व्यवहार ही उद्याच्या इतिहासकाराची साधने आहेत. त्यांतील कित्येकांची दुसरी प्रत कुठेही नाही. माळ्यावरचा जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील डीबीएक्स फाइली शोधाव्यात. दप्तर कदाचित तिथेच बंद असेल.