पिशवी दाबणारे हात

पठाणकोटला असताना माझी एकदा आठ दिवस अटेंडंट ड्युटी लागली. आमचा एक हवालदार, आपल्या साताऱ्याकडचा, न्यूमोनिया होऊन आयसीयूत व्हेंटिलेटरवर होता. तिथे तो फक्त ‘बेड चार’. चौथ्या दिवशी एका सिस्टरने विचारलं, “घर में इनको क्या बुलाते हैं?” मी गावी फोन लावला. बापू. मग सुई टोचण्याआधी ती “बापूजी, थोड़ा दर्द होगा” असं सांगू लागली. तो बेशुद्ध होता, तरी सांगायची.

या आयसीयूचा उगम कुठला, ते पुढे वाचलं. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडाम रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. २७ ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या विवी एबर्टच्या गळ्याला छिद्र पाडवून नळी घातली आणि रबरी पिशवी दाबून हवा दिली. मुलगी वाचली. पण एवढ्यांना पुरतील अशी यंत्रं होती कुठे? मग सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने खाटेशी बसले. रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. आपल्या संत्री ड्युटीसारखंच, फक्त हातात रायफलऐवजी पिशवी! मुलांना ते गोष्टी वाचून दाखवत. १९५३ मध्ये इब्सेननेच त्या शहरात पहिला अतिदक्षता विभाग उभारला.

यंत्रं आली, जीव वाचू लागले, ते चांगलंच झालं. पण खाटेशी बसणारा माणूस उठला. १९८० नंतर त्याच स्कँडिनेव्हियातल्या नर्सेस बेशुद्ध रुग्णासाठी रोज वही लिहू लागल्या: आज काय झालं, कोण भेटायला आलं. शुद्धीवर आल्यावर ती वही रुग्णाला मिळे.

तिचं महत्त्व मला बापूमुळे कळलं. युनिटमध्ये परतल्यावरही तो झोपेतून ओरडत उठायचा. आपल्याला शत्रूने पकडून हात बांधून ठेवलं होतं, अशी त्याची खात्री होती. नळी उपसू नये म्हणून हात बांधले होते, हे खरं. कोणी ते लिहून ठेवलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

शेवटी एका रविवारी बराकीत त्याच्या खाटेवर बसलो. मोबाइलमधले कॉल बघत, पहिल्या दिवसापासून एकेक दिवस त्याला सांगत गेलो. सिस्टरचं सांगितलं तेव्हा म्हणाला, “ती बाई खरी होती व्हय?”